काकूंना विचारा : पद तिचं, सही तिची, आणि पैसे कोण मोजतंय?

या वेळी पत्रं बघून मीच चकित झाले. एरवी सासू-सून, पोरांची लग्नं नाहीतर गुडघेदुखी, या वेळी मात्र निम्म्याहून जास्त पत्रं राजकारणाची आणि पैशाची. बरंच आहे. मी काही पुढारी नाही की प्रोफेसर नाही, बँकेच्या कॅश काउंटरवर नोकरी करून रिटायर झालेली, इंदूरला राजेंद्र नगरात राहणारी बाई, त्यामुळे जे सांगीन ते त्या खिडकीतून दिसलेलं सांगीन. पत्रं थोडी कापलीत आणि नावं काढून टाकलीत, कारण आपली इंदूरची मराठी मंडळी एवढीशी, नुसतं आडनाव छापलं तरी संध्याकाळपर्यंत लोक गेटपाशी हजर होतात.

प्रश्न : काकू, आमचा वार्ड पुढच्या वेळी महिला होईल अशी चर्चा आहे. माझे मिस्टर कित्येक वर्षं पार्टीचं काम करतात, तर मंडळी म्हणतात भाभीजींचं नाव चालवू, फॉर्मवर सही त्यांची, बाकी भैया बघून घेतील. मिस्टर खूश. सासूबाई म्हणतात घरात पद चालून येतंय तर नाही कशाला म्हणतेस. मला राजकारण आवडत नाही असं नाहीये, कॉलोनीचं ड्रेनेज आणि नर्मदेचं पाणी यासाठी झोन ऑफिसला जाऊन मीच भांडते, पण नुसती सही करायला उभं रहायचं हे मनाला पटत नाही. काय करू?
— एक वहिनी, सुदामा नगर

काकू : उभी रहा. जी बाई ड्रेनेजसाठी झोन ऑफिसला जाऊन भांडते ती अर्धी पार्षद, म्हणजे नगरसेविका, झालेलीच आहे, लेटरहेड तेवढं छापायचं राहिलंय. आता पुढचं ऐक.

काउंटरवर असताना हे मी नेहमी बघायची. बाई विड्रॉल स्लिप घेऊन खिडकीशी उभी, खातं तिचं, सही तिची, फोटो तिचा, मी नोटा सरकवल्या की तिच्या खांद्यावरून मागून एक हात यायचा, नोटा उचलायचा, अंगठ्याला थुंकी लावून मोजायचा आणि घडी करून शर्टाच्या खिशात. पासबुक मात्र बाईच्या हातात. मी मुद्दाम मोठ्याने म्हणायची, खातेदाराने पैसे मोजून घ्यावेत. तर ती बाई आधी नवऱ्याकडे बघायची, की मोजू का म्हणून. तुमच्या मंडळींच्या डोक्यात जी पार्षद आहे ना ती हीच बाई.

आणि हे फक्त तुमच्या घरातलं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच मध्य प्रदेशात सागर आणि दमोह जिल्ह्यात पंचायतीवर निवडून आलेल्या बायकांच्या जागी घरच्या पुरुषांनी शपथ घेतली होती, म्हणजे सही करायचं सुद्धा कष्ट नको तिला. १९९३ मध्ये घटनेची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, आपल्या राज्याने पुढे ते निम्म्यावर नेलं, म्हणजे इंदूरच्या ८५ वार्डांपैकी निम्मे बायकांचे. कागदावर उत्तम. पण चौकात लागलेलं बॅनर बघ, बाईचा फोटो पासपोर्ट साइज, शेजारी भैया पूर्ण उंचीचे हात जोडून, आणि खाली मोबाईल नंबर भैयांचा. मी तर नंबर बघूनच ओळखते की इथे पार्षद कोण आहे.

म्हणून अटी आत्ताच घाल, तिकीट मिळाल्यावर नाही, तेव्हा तुझं कोणी ऐकणार नाही. बॅनरवर नंबर तुझा, आणि तो फोन तुझ्याच पर्समध्ये. लेटरहेड आणि शिक्का तुझ्या कपाटात. परिषदेच्या बैठकीला तू जाणार, झोन ऑफिसरशी तू बोलणार, आणि वार्डात पैसे कुठल्या कामाला लागले, टेंडर किती आणि झालं किती, ती फाईल तू वाचणार, नाही समजली तर समजेपर्यंत विचारणार. एवढं मान्य असेल तर सही. मिस्टरांना बाजूला टाक असं मी म्हणत नाहीये हां, इतकी वर्षं सतरंज्या उचलल्यात त्यांनी, आतून कुठेतरी त्यांना लागणारच की राबलो मी आणि पाटी हिची, ते आधीच घरात बसून बोलून घ्या, नाहीतर पुढची पाच वर्षं ते तुझ्या स्वयंपाकघरात निघेल.

आपल्याकडे उदाहरणं नाहीत असं नाही. सुमित्राताई महाजनांचं माहेर चिपळूणचं, सासर इंदूरचं. लोक त्यांचे १९८९ पासूनचे सलग आठ विजय सांगतात, माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना हरवलं ते सांगतात, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या ते सांगतात. मला विचारशील तर त्याच्या आधीचं महत्त्वाचं, १९८२ मध्ये नगर निगमात पार्षद, मग उपमहापौर, आणि १९८५ ला विधानसभेला चक्क पराभव. सुरुवात त्यांची पण वार्डातूनच झाली आणि एकदा आपटून झाली. आणि मालिनीताई गौड नवऱ्याच्या निधनानंतर राजकारणात आल्या, तेव्हा लोक म्हणालेच असतील की सहानुभूतीचं तिकीट, पण इंदूर २०१७ मध्ये पहिल्यांदा स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हा महापौर त्याच होत्या. घराच्या नावावर आत शिरणं हा काही गुन्हा नाही, सगळे पुरुष पुढारी तरी कुठे आकाशातून पडलेत. आत गेल्यावर खुर्चीवर कोण बसतंय ते बघायचं.

प्रश्न : मी २०२४ ला पहिल्यांदा मतदान केलं आणि नोटा (म्हणजे यापैकी कोणीच नको) हे बटण दाबलं. बाबा म्हणतात मत वाया घालवलंस. खरंच वाया गेलं का?
— एक विद्यार्थी, विजय नगर

काकू : वाया म्हणशील तर निकालावर फरक शून्य. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो, नियमच तसा आहे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे बटण द्यायला लावलं आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला ते मशीनवर आलं. पण इंदूरचं २०२४ चं प्रकरणच वेगळं होतं बाबा, फॉर्म मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने फॉर्म मागे घेतला, मैदानात मोठा असा एकच पक्ष उरला, आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली, म्हणजे दुसरा नंबर बटणाचा. जिंकणाऱ्याचं लीड पावणेबारा लाखांचं. तेव्हा तुझ्यासारखे दोन लाखांवर लोक उन्हात रांगेत उभं राहून सांगून आले की ताटात एकच भाजी वाढलीत, निवडायचं काय आम्ही. मला तरी ते घरी बसण्यापेक्षा बरं वाटतं. पण दर वेळी नोटाच दाबणार असशील तर मग मी बाबांच्या बाजूची. चांगला माणूस उभा नाही म्हणून ओरडणाऱ्यांनी मधल्या पाच वर्षांत कधीतरी एखाद्या चांगल्या माणसाच्या मागे उभं रहायला पण हवं ना.

प्रश्न : मी प्रायव्हेट नोकरीत आहे, टॅक्स पगारातूनच कापला जातो. आमच्या कामवालीला लाडली बहनाचे दर महिन्याला दीड हजार घरबसल्या मिळतात. अशा योजनांमुळे लोकांना काम करायची इच्छा राहत नाही आणि सरळ सरळ मतं विकत घेतली जातात असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या बायकोला मिळत नाही कारण आमच्याकडे कार आहे. तुम्ही पण स्पष्ट लिहा, गोल गोल नको.
— एक करदाता, इंदूर

काकू : बरं, स्पष्ट. कार विकून टाका, वहिनींना मिळायला लागेल. तुमचा टॅक्स मात्र आड येईल, घरात कोणी इन्कम टॅक्स भरत असेल तरी मिळत नाही, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. तेवढ्यात एकदा घर चालवून बघा आणि मग दीड हजाराचा हेवा करा.

मतांचं म्हणाल तर मी काही आंधळी नाही. पहिली किस्त आली जून २०२३ मध्ये हजार रुपयांची, ऑक्टोबरमध्ये साडेबाराशे झाले, नोव्हेंबरमध्ये मतदान, आणि निकाल काय लागला ते आपण बघितलंच, सत्तेतल्या भाजपला २३० पैकी १६३. महाराष्ट्रात पण तेच, लाडकी बहीण २०२४ च्या जुलैपासून आणि विधानसभा नोव्हेंबरला. सगळे पक्ष करतायत, जो विरोधात असतो तो फुकटचं वाटप म्हणतो आणि सत्तेत आला की रक्कम वाढवतो. सव्वा कोटीच्या वर बायका आहेत आपल्या राज्यात या योजनेत, महिन्याला दीड हजार कोटींहून जास्त जातात, तेव्हा हा पैसा कुठून येतोय, कर्ज किती काढलं आणि कुठल्या खात्यातून कापला हे विचारायचा हक्क तुम्हाला पुरेपूर आहे, विचाराच.

पण काम करायची इच्छा राहत नाही हे मला मान्य नाही. दीड हजार म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये, त्यात एक लिटर दूध येत नाही. तुमची बाई घरबसल्या घेते म्हणता आणि सकाळी भांडी पण तीच घासते ना तुमच्याकडे? आणि टॅक्स तुम्हीच भरता असंही नाही. ती अंगाला लावते तो साबण, डोक्याला तेल, टूथपेस्ट, यावर २०२५ च्या २२ सप्टेंबरपर्यंत १८ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे. दुकानदार तिला पावती देत नाही म्हणून तिला माहीत नसतं, एवढंच.

मला या योजनेतली एक गोष्ट मनापासून पटली आणि ती पेपरवाले फारशी लिहीत नाहीत. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात, जॉइंट खातं चालत नाही. या एका अटीमुळे किती बायका पहिल्यांदा एकट्या बँकेत आल्या, केवायसी म्हणजे काय, आधार लिंक म्हणजे काय, मोबाईलवर मेसेज आला तो पैशाचा की फ्रॉडचा, हे सगळं शिकल्या. आता त्यातल्या किती जणींचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं तेही मला माहितीये. तुमच्या कामवालीला एकदा विचारा की पिन कोणाला माहीत आहे, मग तिच्यावर टीका करा किंवा नका करू.

आणि खोट काढायचीच असेल तर खरी काढा. ज्या मुलीचं लग्नच झालं नाही, पस्तिशीची आहे, आई-वडिलांना सांभाळते, शिवणकाम करते, तिला यात काही नाही. विवाहित, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित चालतात. सरकारच्या हिशोबात बहीण व्हायला आधी कोणाची तरी बायको व्हावं लागतं, हे तुम्हाला खटकलं नाही, कार खटकली.

(नंदानगरहून एका ताईंनी विचारलंय की आमची मूळ मंडळी साताऱ्याची, तर लाडकी बहीणमध्ये पण नाव टाकता येईल का. नाही हो ताई. तिथली रहिवासी असावं लागतं, आणि दोन्हीकडे घ्यायचं मनात सुद्धा आणू नका.)

प्रश्न : काकू माझ्यावर तीन ग्रुपचं लोन आहे. पहिलं मुलीच्या लग्नाला घेतलं, दुसरं मिस्टरांच्या दवाखान्याला, तिसरं पहिल्या दोघांची किस्त भरायला. मिस्टरांचं काम सुटलंय, मी दोन घरी स्वयंपाक करते. किस्त चुकली की रात्री आठ-आठ वाजता दोन मुलं येऊन दारात बसतात, आवाज चढवतात, सगळी गल्ली बघते. ग्रुपमधल्या बायका पण बोलत नाहीत कारण माझी किस्त त्यांना भरावी लागली. आता एक जण आधारवर चौथं लोन देतो म्हणतोय. घेऊ का?
— एक बहीण, महू

काकू : नाही. चौथं घेऊ नकोस. हे पत्र मी दोनदा वाचलं, आणि बाकी सगळ्यांनी वाचावं म्हणून जवळजवळ पूर्ण छापलंय.

आधी त्या दारात बसणाऱ्या मुलांचं. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत, ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे त्यांना काही गहाण न ठेवता दिलेलं कर्ज म्हणजे हेच तुझं. त्यात स्पष्ट आहे की वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ, धमकी नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास नाही, थकबाकीदारांची नावं लावायची नाहीत. वसुली ठरलेल्या जागी करायची, तिथे तू लागोपाठ दोनदा आली नाहीस तरच त्यांनी घरी यायचं. तेव्हा रात्री आठला आले की दार उघडून शांतपणे सांग, उद्या दिवसा या, आणि तुमचं नाव आणि आयडी दाखवा, मला लिहून घ्यायचंय. मुलीला शेजारी मोबाईल घेऊन उभी कर. नाव लिहून घेतेय म्हटलं की यातल्या बऱ्याच जणांचा आवाज आपोआप खाली येतो.

दुसरं, त्याच नियमात असंही आहे की घराच्या सगळ्या कर्जांच्या किस्ती मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि हे बघणं कर्ज देणाऱ्याचं काम आहे. तुझं तिसरं लोन देताना कोणी बघितलं? साहजिकच नाही बघितलं. तिन्ही कंपन्यांना साध्या कागदावर अर्ज लिही, मिस्टरांची नोकरी गेली, उत्पन्न इतकं, किस्त इतकी, मुदत वाढवून किस्त कमी करा. कॉपीवर रिसीव्ड घे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, फुकट आहे, १४४४८ वर फोन करून कशी करायची ते विचारता येतं. धमकी दिली तर सरळ ठाण्यात. आणि मंगळवारी जनसुनवाई असते, म्हणजे सरकारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, अर्ज घेऊन जा, एकटी जाऊ नकोस.

तिसरं, लोन कार्ड काढ तिन्ही. व्याज किती, मुद्दल किती राहिलं, एका पानावर लिही. ज्याचं व्याज जास्त ते आधी फेडायचं, मधेच थोडे जास्त पैसे हातात आले तर भरून टाक, मायक्रोफायनान्सच्या लोनला वेळेआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. उशिराचा दंड लावला असेल तर तो चुकलेल्या किस्तीवरच, पूर्ण लोनवर नाही, तेही तपास.

ग्रुपमधल्या बायकांकडे स्वतः जा. पैसे नसले तरी जा, सांग की तुमचे देणार आहे, थोडे थोडे देईन. त्या काही तुझ्या वैरिणी नाहीत, त्यांची पण घरं तशीच चालतात.

आणि एक विचारते, रागावू नकोस. लग्न घराचं, दवाखाना मिस्टरांचा, आणि तिन्ही लोन तुझ्या एकटीच्या नावावर. घराची जागा कोणाच्या नावावर आहे, गाडी कोणाच्या नावावर आहे? कर्जाला बाईची सही लगेच चालते, कारण कंपनीला माहीत आहे की बाई उपाशी राहील पण किस्त भरेल. दीर, जावई, मिस्टर सगळ्यांना एकदा समोर बसवून तो कागद दाखव. मोठा मुलगा कमावत असेल तर त्यालाही.

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यातून २०१२ ला रिटायर झालो. पेन्शन दीड हजाराच्या थोडी वर. सुनेला लाडली बहनाचे दीड हजार येतात, म्हणजे मशीनवर आयुष्य घालवून माझी आणि तिची बरोबरी. राजकारणी लोकांनी आमच्याकडे कधी बघितलंच नाही. आता मुलगा म्हणतो शिल्लक आठ लाख एका क्रेडिट सोसायटीत ठेवा, ११ टक्के देतात. ठेवू का?
— एक ज्येष्ठ वाचक

काकू : काका, तुमचा राग सुनेवर काढू नका. तुमच्या पेन्शनचा फॉर्म्युला असा, पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. ही पीएफची पेन्शन योजना सुरू झाली १९९५ च्या नोव्हेंबरात, आणि तुम्ही रिटायर झालात तेव्हा पगाराची मर्यादा साडेसहा हजार होती, खरा पगार कितीही असो. १७ वर्षांचे घाला, आकडा तिथेच येतो. २०१४ मध्ये मर्यादा १५ हजार केली आणि कमीत कमी पेन्शन हजार रुपये केली. म्हातारे लोक दिल्लीला जाऊन आंदोलनं करून आले त्यासाठी, पण सव्वा कोटी बायका एका दिवशी मतदानाला जातात आणि पेन्शनर विखुरलेले, हा हिशोब पुढाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो.

सोसायटीत ठेवू नका. बँक बुडाली तर व्याज धरून पाच लाखांपर्यंत विमा आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून, आधी लाखच होता. क्रेडिट सोसायटीला तो विमाच नाही, एक रुपयाचा सुद्धा नाही. सहकारी बँक बुडाली की काय होतं ते आपल्या इंदूरच्या मराठी घरांना मी सांगायला नको, मुलींच्या लग्नाचे पैसे अडकलेले लोक मी बघितलेत. पोस्टात किंवा सरकारी बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या, दर तीन महिन्यांनी व्याज हातात. २०२३ च्या एप्रिलमध्ये दर ८.२ टक्के झाला, सरकार तिमाहीला ठरवतं म्हणून जाताना विचारून घ्या, पण ८.२ धरला तर आठ लाखांवर तीन महिन्यांना १६,४०० येतात. पेन्शनच्या तिप्पट पडलं की नाही महिन्याला? दवाखान्यासाठी थोडे बाहेर ठेवा, सगळे पाच वर्षं अडकवू नका. आणि काकींना जॉइंट घ्या, बँकेत घेऊन जा, फॉर्म त्यांनाही वाचू द्या.

प्रश्न : अहिल्याबाईंना आजच्या काळात तिकीट मिळालं असतं का? (गंमत म्हणून विचारतोय.)
— एक वाचक, देवास

काकू : गंमत म्हणून विचारलंत तरी मी सीरियसली सांगते. सासरे मल्हारराव असते तर मिळालं असतं. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे यजमान खंडेराव गेले, त्यानंतर मल्हाररावांनी सुनेला कोपऱ्यात बसवलं नाही, १७६५ ची पत्रं आहेत ज्यात ते तिला तोफखान्याची व्यवस्था सांगतायत, तिकडे जा, इतके दिवस थांब, गोळा-बारूद बघ. म्हणजे मल्हारराव गेले, मग मुलगा मालेराव गेला आणि १७६७ मध्ये कारभार हातात आला तेव्हा ती तयार होती, एकदम खुर्चीवर बसवलेली नव्हती. तरी दिवाणाने चाल खेळलीच, की दत्तक घ्या आणि आम्ही बघतो. भैया बघून घेतील, तेच. बाईंनी ऐकलं नाही, फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे दिलं आणि कारभार स्वतःकडे ठेवला, महेश्वरहून १७९५ पर्यंत. आणि देवळं, घाट, धर्मशाळा काशीपासून रामेश्वरापर्यंत बांधल्या त्या मुख्यतः खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या मिळकतीच्या, पैशातून, दौलतीचा हिशोब वेगळा आणि खासगीचा वेगळा. २०२५ मध्ये त्रिशताब्दी झाली, राजवाड्यात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली, ३०० रुपयांचं नाणं निघालं, सगळ्या पक्षांनी हार घातले. हे दोन हिशोब वेगळे ठेवायचं मात्र कोणाच्या भाषणात मी ऐकलं नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. त्याच होळकरांच्या घरात तुळसाबाई पण होत्या, यशवंतराव १८११ ला गेल्यावर कारभार त्यांच्याकडे आला, आणि १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईच्या आदल्या रात्री क्षिप्रेच्या काठी त्यांच्याच फौजेने त्यांना मारलं, इंग्रजांशी संधान बांधलं म्हणून. त्यांचं सगळं बरोबर होतं असं नाही म्हणत मी. पण इंग्रजांशी संधान बांधणारे पुरुष सरदार तेव्हा गल्लीबोळात होते, त्यांच्या पिढ्या आरामात जगल्या. बाई एकतर देवी पाहिजे नाहीतर कुलटा, साधी बरी-वाईट राज्यकर्ती आपल्याला चालतच नाही. आत्ताच्या पार्षद बाईंचं पण तेच, नाली तुंबली की लगेच लोक तिच्या साडीवर आणि चारित्र्यावर घसरतात, आधीच्या पार्षदाची नाली पण तुंबलेलीच होती.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. फॅमिली ग्रुपवर एक काका रोज राजकारणाचे फॉरवर्ड टाकतात, काल टाकलं की बायकांच्या हातात देश दिला की बुडतो. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, आत्याने सुद्धा. आई म्हणते गप्प बस, मोठे आहेत. मी उत्तर देऊ का?
— एक मुलगी, वैशाली नगर

काकू : ग्रुपवर नको, तिथे ते पन्नास जणांसमोर हरायला तयार होणार नाहीत. घरी आले की चहा देताना विचार. जगातली पहिली महिला पंतप्रधान १९६० मध्ये शेजारच्या श्रीलंकेत झाली, सिरिमावो बंदरनायके, आपल्याकडे १९६६ ला इंदिराजी. त्यांनी १९७१ चं युद्ध पण केलं आणि १९७५ ची आणीबाणी पण केली, दोन्ही केलं. काकांना म्हण, आणीबाणीवर भांडा ना माझ्याशी, मी तयार आहे, पण मग जितके देश पुरुषांनी बुडवले त्यांची यादी पण करू. आणि २०२४ च्या लोकसभेत ५४३ मध्ये बायका ७४, तेव्हा आत्ता जे काय बुडतंय किंवा तरतंय त्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते त्यांनीच सांगावं. २०२३ मध्ये ३३ टक्क्यांचा कायदा झाला तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेला, हे पण त्यांना माहीत नसेल, फॉरवर्डमध्ये इतकं बारीक नसतं.

आत्याचं मनावर घेऊ नकोस, ती न वाचताच हात जोडते, माझी पण एक नणंद तशीच आहे.

आणि तू १९ ची आहेस तर मतदार यादीत नाव आहे का बघ आधी. नसेल तर फॉर्म ६ भर, आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्यामुळे वर्षभर थांबायचं कारण नाही. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो लागतो, मोबाईलवरून पण होतं. फॉर्मवर नंबर बाबांचा नाही, स्वतःचा टाक.